आमची वाटचाल : उद्यमबागेतली अर्धी शेड

अप्पांचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप. पंपांचे सुटे भाग करायचे. एमएस्सी करून पुण्यात नोकरी केली आणि मी बेळगावला परत आलो, तेव्हा त्यांनी शेडच्या मधोमध पत्रा ठोकून अर्धी जागा मला दिली.

प्रयोगशाळांसाठी एक प्रोटीन करून विकायचं, असं माझ्या मनात होतं. ते काय, हे अप्पांना सांगायला मला दोन दांडे जोडणारं कपलिंगच आठवलं. मानवी वाढीचं हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांचं प्रोटीन. पेशीवरच्या दोन रिसेप्टरना, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनना, ते दोन बाजूंनी धरतं, तेव्हा पुढचं काम सुरू होतं. १२० व्या जागेवरचं चिमुकलं ग्लायसिन काढून तिथं जाडजूड आर्जिनिन बसवलं, की एक बाजू बसते, दुसरी बसत नाही. जागा अडते, काम थांबतं. हे अडवणारं प्रोटीन मी करणार होतो.

"म्हणजे चालत नाही तेच विकूलास म्हण की!" अप्पा म्हणाले.

तसंच आहे. अमेरिकेत ओहायो विद्यापीठात जॉन कॉप्चिक यांच्या गटानं गाईच्या हार्मोनमध्ये असे फेरफार करून ते जनुक उंदरांत घातलं, आणि उंदीर चक्क बुटके राहिले. त्याच वाटेनं पुढं पेगविसोमंट हे औषध आलं. अॅक्रोमेगली, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त झाल्यानं होणारा आजार, त्यासाठी अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात ९ बदल आहेत, शिवाय रक्तात टिकावं म्हणून पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरच्या साखळ्या जोडलेल्या. आमचं साधं, एका बदलाचं, फक्त प्रयोगांपुरतं.

ई. कोलाय जिवाणू हे प्रोटीन भरपूर करतात, पण घडी न बसलेल्या गुठळ्यांत. त्या युरियात, पीएच ११ च्या वर नेऊन विरघळवायच्या आणि मग डायलिसिसच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून युरिया हळूहळू काढायचा. या प्रोटीनमध्ये सिस्टीन नावाची, जोडीनं एकमेकांना बांधली जाणारी चार अमिनो आम्लं असतात. ५३ व्या जागेवरच्याला १६५ वरचंच भेटलं पाहिजे, १८२ ला १८९ चंच. दोन दिवस लागतात. पहिल्या मोठ्या ऑर्डरला मी घाई केली. पातळ न करताच घट्ट द्रावण पिशवीत भरलं. सकाळी बघतो तर ताक! सगळी बॅच एकमेकांना चिकटून बसलेली. सेंट्रिफ्यूजमध्ये (गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात) घातलं तर तळाला पांढरा गाळ आणि वर जवळजवळ नुसतं पाणी. दोष वीज गेल्याचा नव्हता, मशीनचाही नव्हता. बायकोनं न विचारता भिशीचे पैसे पुढं केले, त्यावर पुढची बॅच निघाली.

'ग्रोथ हार्मोन' हे शब्द वाचून फोन येतात ती वेगळीच कटकट. निपाणीकडचा एक तालमीतला पोरगा दर महिन्याला विचारायचा, "दादा, पावडर आली काय?" अरे बाबा, हे वाढवत नाही, अडवतं. आणि माणसाला द्यायचं नाहीच.

माल सुकवून पाठवतो, त्यामुळं कुरिअरला बर्फ लागत नाही. पण ५० मायक्रोग्रॅम म्हणजे काचेवर एक पुसट पापुद्रा, उजेडात तिरपं धरलं तर दिसेल न दिसेल. सुरुवातीला दोघा-तिघांनी कळवलं, बाटली रिकामी आलीय. आता प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते : झाकण उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा.