तुम्ही विचारलंत म्हणून: एका पानाला दिवस कसा लागतो?

नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनला दिवाळीच्या फराळाला हा प्रश्न ठरलेला. "डिक्शनरी आहे, आता मशीनही आहे, मग एवढा वेळ कशाला?" मी डच बँकांचे आणि ताळेबंदांचे कागद इंग्रजीत करते. चकली संपेपर्यंत उत्तर होत नाही, म्हणून लिहितेय.

'अकाउंटंट' घ्या. डचमध्येही तोच शब्द, तेच स्पेलिंग. पण इथे ती कायद्याने राखलेली उपाधी आहे. रजिस्टरमध्ये नाव असेल त्यानेच लावायची. वह्या लिहिणारा वेगळा, तो 'बुकहाउडर'. शब्द तसाच ठेवला की ऑडिटरचा कारकून होतो. आपल्याकडे सीएला नुसतं अकाउंटंट म्हणून बघा!

आता ते सांगूनच टाकते. पहिल्याच वर्षी एक गहाणखत आलं. त्यात 'हीपोतेकखेव्हर'. हीपोतेक म्हणजे मॉर्गेज, खेव्हर म्हणजे देणारा. मॉर्गेज देतं कोण? बँक. लिहिलं 'लेंडर'. 'हीपोतेकनेमर' म्हणजे घेणारा, तो 'बॉरोअर'. अख्ख्या खतात हेच. म्हणजे बँकेने घराची डागडुजी करावी, आगीचा विमा उतरवावा, विचारल्याशिवाय भाडेकरू ठेवू नये. आणि हप्ते थकले तर कर्जदाराने घर लिलावात काढावं. फोन आला. लिलावाचं कलम मला मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्या ओळीला माझा आवाज बसला.

गहाण कर्जदार देतो, बँक घेते. बँक देते ते कर्ज. घरच्या जमिनीच्या कागदांवर 'लिहून देणार', 'लिहून घेणार' वाचत मोठी झालेली मी; मराठीत विचार केला असता तर चुकले नसते. शिवाय 'बँकेने मॉर्गेज दिलं' असं इथले डच लोकही सर्रास बोलतात. चूक अगदीच बावळट नव्हती, असं मी अजून म्हणते. मात्र डिक्शनरीत उत्तर बरोबर होतं. मीच उघडली नाही, शब्द सोपा वाटला म्हणून.

म्हणजे तुमचंच खरं? छे. 'फोरझीनिंग' घ्या, म्हणजे पुढच्या खर्चासाठी किंवा तोट्यासाठी हिशेबात केलेली तरतूद. देण्यांच्या बाजूला बसली तर 'प्रोव्हिजन', बुडीत उधारीपोटी येण्यांतून वजा केली तर बहुधा 'अलाउन्स'. डिक्शनरी दोन्ही देते, कुठला ते ताळेबंद उघडल्याशिवाय कळत नाही. आणि पुष्कळदा ताळेबंद पाठवलेलाच नसतो. काल त्यावर पाऊण तास बसले. लिहिलं ते आज सकाळी परत बदललं.