आमची वाटचाल : प्रोटीन एका डब्यात, ओलावा दुसऱ्या बाटलीत

कुरळ्या केसांसाठी आम्ही सुरुवात केली ती जवसाच्या जेलने. ४० ग्रॅम जवस, अर्धा लिटर पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. चमच्यावरून तार सुटू लागली की गरम असतानाच गाळायचं, गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. घरी केलेलं जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. विकायचं म्हटलं की प्रिझर्व्हेटिव्ह आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवाच. जेल वळण छान धरून ठेवतं, पण ब्लीच किंवा स्ट्रेटनिंगने खंगलेल्या केसाला ताकद देत नाही. अशा केसांसाठी प्रोटीन मास्क आणला.

केस मुळात केराटिन या प्रोटीनचाच. रसायनांनी आणि इस्त्रीच्या उष्णतेने वरचे खवले उचकटतात, आतलं प्रोटीन झिजतं. बाहेरून लावलेलं प्रोटीन केस नव्याने घडवत नाही. झिजलेल्या जागी चिकटून तात्पुरता आधार देतं आणि धुण्यागणिक कमी होतं. तेही हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं हवं. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन आत शिरण्याइतकं लहान नसतं, शिवाय कढत पाण्याने धुतलं तर अंडं केसातच शिजतं. आमच्या मास्कमध्ये गहू आणि तांदूळ प्रोटीनचं द्रावण मिळून २ टक्के असतं. मिश्रण ४० अंशांखाली आल्यावरच ते घालतो. प्रोटीन जंतूंनाही आवडतं, त्यामुळे या मास्कची प्रत्येक बॅच जंतूंची तपासणी झाल्याशिवाय बाहेर जात नाही.

मास्क आला तेव्हाच एक गोष्ट ठरवली आणि आजही ती मोडत नाही : शाम्पू, कंडिशनर आणि लीव्ह-इन (धुतल्यावर लावून केसातच राहू द्यायचं कंडिशनर) यांत प्रोटीन घालायचं नाही. चारही वस्तूंत प्रोटीन असेल तर दर धुण्याला चार थर बसतात. मग धडधाकट केसही राठ होतात, बोटांना चरचरीत लागतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. मास्क साध्या कुरळ्या केसांना महिन्यातून एकदा, ब्लीच केलेल्यांना पंधरा दिवसांनी. दहा मिनिटं ठेवायचा, धुवायचा आणि वर साधं कंडिशनर लावायचंच.

गरज कशाची आहे हे ओला केस सांगतो. धुताना गळालेले तीन-चार केस घ्या, दोन्ही टोकं धरून हळू ओढा. चांगला ओला केस साधारण ३० टक्के ताणला जातो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. ताणत जातो, परत येत नाही, लिबलिबीत लागतो : प्रोटीन हवं. जवळजवळ न ताणता तुटतो : ओलावा हवा, मास्क बंद. एकाच केसावरून ठरवू नका. टोकं जुनी आणि झिजलेली असतात, मुळाजवळचा भाग नवा असतो, त्यामुळे एकाच डोक्यावर दोन्ही उत्तरं मिळतात. तसं झालं तर मास्क फक्त टोकांना लावा.

‘प्रोटीन जास्त झालं’ म्हणून जी तक्रार येते, तिच्यात आम्ही आधी पाण्याची चौकशी करतो. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसावर बसतं आणि केस तसेच राठ होतात. बादलीला, नळाला पांढरा थर धरतो का? घरातल्या लहान मुलांचे, ज्यांना कधी रंग लागला नाही असे केसही खरखरीत आहेत का? तर दोष प्रोटीनचा नाही. अशा वेळी कितीही कंडिशनर ओतलं तरी ते थरावरच बसतं. आधी क्षार काढणारा चिलेटिंग शाम्पू, महिन्यातून एक-दोनदा, आणि शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा. त्यानंतर ताणाची परीक्षा पुन्हा घ्या. आमच्या मते प्रोटीनचा निर्णय या पायरीआधी घेऊच नये.

खोबरेल आम्ही विकत नाही, पण धुण्याआधी लावायला आवर्जून सांगतो. खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांच्या तुलनेत खोबरेलानेच केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी केलं होतं. ते केसात शिरतं, म्हणून.

लीव्ह-इन मात्र दोन प्रकारचं करावं लागलं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात त्याने केस फुगतात आणि पिंजारतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओढायला हवेत पाणीच नसतं, तेव्हा ते केसातलंच घेतं. म्हणून या दोन टोकांसाठी बिनग्लिसरीनचं आणि हिवाळ्यात, मध्यम हवेत ३ टक्क्यांचं.

दुसऱ्या कोणाची बाटली वापरत असाल तर मागची यादी वाचा. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. फिनॉक्सिइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हची कमाल मर्यादा १ टक्का आहे, त्यामुळे त्याच्या पुढे लिहिलेलं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. ‘हायड्रोलाइज्ड’ हा शब्द त्याच्या बराच आधी दिसला, तर ती बाटली रोजची नाही, मास्कच्या दिवसाची समजा.