लग्नाचं जेवण घरचं केलं, पण गॅसने दमवलं

लग्नाला तीन महिने होत आले, तरी कुणी 'गॅस एजन्सी' म्हटलं की माझं डोकं अजून तापतं. ज्यांना स्वतः सामान आणून लग्नाचा स्वयंपाक करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तो जमतो, छान जमतो. फक्त आमच्यासारखा गॅस शेवटी ठेवू नका.

आमचं लग्न मार्गशीर्षातल्या रविवारी, नाशिकला पंचवटीच्या पुढच्या एका कार्यालयात झालं. पाहुणे २८०. दोन्ही घरच्या आईवडिलांवर कर्ज नको, खर्च आपण दोघांनीच करायचा, हे आमचं आधीपासून ठरलेलं. चार केटरर्सना भाव विचारले, ताटाला ३६० ते ४५० रुपये. म्हणजे कमीत कमी धरला तरी नुसतं जेवणच लाखाच्या वर. तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, आमच्या वेळी आचारी बोलवायचे. सामान आपलं, मजुरी त्याची." तिच्याच ओळखीचे मखमलाबादचे आचारीकाका घरी आले, चहा घेतला आणि पाठकोऱ्या कागदावर यादी सांगायला लागले. जिलेबी, मठ्ठा, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, भरली वांगी, कोशिंबीर, वरण-भात, भजी. मजुरी १६,००० रुपये, त्यात चार मदतनीस. दारातून निघताना म्हणाले, "ताई, गॅस तुमच्याकडे हं."

मी हो म्हटलं. घरी सिलिंडर येतो तसाच येईल असं वाटलं होतं.

कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लाकडाची चूल चालणार नाही आणि घरगुती लाल सिलिंडर आत आणू देणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरता असतो, मोठ्या कामाला १९ किलोचा निळा कमर्शियलच लागतो. मामा म्हणत होते की गल्लीतल्या दहा घरांतून दहा टाक्या गोळा करू. मी ठाम नाही म्हटलं. पावणेतीनशे माणसं जिथे बसणार, तिथे असला धोका मला नको होता.

लग्नाला बारा दिवस असताना एजन्सीत गेले. आम्ही राहतो सिडकोत, एजन्सी द्वारकेच्या पलीकडे. द्वारका चौक संध्याकाळी ओलांडणं काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको. खिडकीवरच्या माणसाने वर न बघता विचारलं, "फर्मचं नाव? जीएसटी नंबर?" म्हटलं, फर्म नाही, माझं लग्न आहे. "मग आचाऱ्याच्या नावावर घ्या." आचारीकाकांना फोन लावला तर ते म्हणाले, "ताई, मी मजुरीवाला माणूस, माझ्या नावावर कुठलं कनेक्शन?" कार्यालयाला विचारलं तर त्यांचं कनेक्शन फक्त त्यांच्या ठरलेल्या केटरर्ससाठी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. साहेब जेवायला गेले होते. दीड तास बाकावर बसले. ते आले, मला बघितलं आणि म्हणाले, "उद्या या, आज सिस्टीम बंद आहे." तिसऱ्या खेपेला म्हणाले, कार्यालयाच्या लेटरहेडवर पत्र आणा. हेच पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? पत्रावर सही मालकांचीच चालणार होती आणि मालक दोन दिवस गावाला. सही मिळाली तोवर लग्नाला सहा दिवस राहिले होते. चौथ्या खेपेला पत्र परत केलं, कारण त्यात सिलिंडरची संख्या नव्हती. मी तिथल्या पायरीवर बसून रडले. हळदीची, मेंदीची, ब्लाऊजच्या फिटिंगची कामं टाकून मी एका ओळीसाठी द्वारकेला चकरा मारत होते.

शेवटी काम झालं ते आतल्या टेबलवर बसणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. लेटरहेडवरच्या पत्रात समारंभाची तारीख, जागेचा पत्ता, सिलिंडरची संख्या आणि ते परत करायचा दिवस. सोबत माझं आधार, लग्नपत्रिका आणि कार्यालयाच्या बुकिंगची पावती. अनामत रोख, आणि तिची पावती माझ्याच नावावर. सहा ओळींची चिठ्ठी. ती पहिल्या दिवशी खिडकीवर चिकटवलेली असती तर माझ्या चार खेपा वाचल्या असत्या. प्रत्येक एजन्सीचे कागद हेच असतील असं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कोरा कागद पुढे करा आणि म्हणा, "काय काय लागतं ते सगळं लिहून द्या." तोंडी ऐकून घरी येऊ नका.

पाचव्या खेपेला चार सिलिंडर मंजूर झाले. गाडी आली हळदीच्या दिवशी दुपारी चारला, न कळवता, आणि कार्यालयात आमचं कुणीच नव्हतं. ड्रायव्हर परत निघाला होता. माझा मामेभाऊ हळदीच्या हातांनीच स्कूटरवर धावला, म्हणून उतरवून घेता आले. तेव्हा डिलिव्हरीच्या दिवशी सकाळपासून एक माणूस तिथे बसवून ठेवा. आणि शेगडीचे रेग्युलेटर, रबरी नळ्या आचारी आणणार की तुम्ही, हेही आधीच विचारा. आमच्या आचारीकाकांनी आणले, पण मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

आचारीकाका म्हणाले होते तीन पुरतील, पण थंडी आहे, चौथा घ्याच. त्याचं कारण लग्नाच्या पहाटे कळलं. मोठ्या शेगडीला गॅस भराभर लागतो. आतल्या द्रवाची वाफ होताना सिलिंडरची उष्णता ओढली जाते आणि नाशिकच्या डिसेंबरात बाहेरची हवाही मदत करत नाही. पाचच्या सुमाराला सिलिंडरच्या बुडाला बर्फाचा पांढरा थर धरला आणि जिलेबीच्या कढईखालची ज्योत बसली. काकांनी तो बाजूला केला, साध्या पाण्याच्या घमेल्यात ठेवला आणि दुसरा लावला. पुढे दोघे आलटून पालटून चालवले. आग किंवा उकळतं पाणी जवळ नेऊ दिलं नाही. चौथा सिलिंडर सील न तोडता परत गेला, पण तो हाताशी होता म्हणून मला बोहल्यावर शांत उभं राहता आलं.

बाकीचं सगळं सुरळीत झालं. किराणा रविवार कारंजाच्या घाऊक दुकानातून, भाजी आदल्या दिवशी बाजार समितीतून, भांडी भाड्याने. डेग, पराती, झारे मोजून घ्या आणि मोजूनच परत द्या, आमचा एक झारा हरवला तो भरून द्यावा लागला. तांदळाचं मात्र ऐका. मला हौस होती इगतपुरीच्या इंद्रायणीची, वास किती सुरेख! काकांनी मान हलवली. इंद्रायणी चिकट, मोठ्या डेगेत मसालेभाताचा गोळा होतो. मसालेभाताला कोलम आणि वरण-भातापुरता इंद्रायणी, अशी तडजोड झाली. एकूण ३० किलो तांदूळ आणला, त्यातला चार किलो उरला.

मुहूर्त बघतानाची एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहील. मार्गशीर्षात गुरुवार टाळा. घरोघरी बायकांचा महालक्ष्मीचा उपास असतो, निम्मी ताटं तशीच उठतील.

बुफेऐवजी आम्ही पंगत ठेवली. वाढायला दोन्हीकडची चुलत-मामे भावंडं, अकरा जण. पंगतीत माणूस हवं तेवढंच मागून घेतो, त्यामुळे पत्रावळीत फार थोडं टाकलं गेलं. सासरचे एक आजोबा जिलेबीवर मठ्ठा पिऊन म्हणाले, "सूनबाई, हे आपल्या घरचं जेवण आहे." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

हिशेब असा. किराणा २६,४०० रुपये, भाजी ६,१००, दूध-दही ३,६००, आचारी १६,०००, भांडी ३,८००, वापरलेले तीन सिलिंडर ५,४००, पत्रावळी आणि पाण्याचे जार ३,२००. एकूण ६४,५००, म्हणजे ताटाला साधारण २३० रुपये. सगळ्यात स्वस्त केटररपेक्षा ३६,३०० रुपये वाचले. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

अनामत परत मिळायला १९ दिवस आणि आणखी तीन खेपा लागल्या. त्यातल्या एका खेपेला मूळ पावतीच मागितली, फोनमधला फोटो चालला नाही. ती पावती आईने लग्नपत्रिकांच्या पिशवीत ठेवली होती म्हणून सापडली.

धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे. आचारीकाकांना सांगून झालंय. ते म्हणाले, उन्हाळ्यात गॅस गोठायची भीती नाही, तीनच घ्या, पण मठ्ठा एकदम घुसळायचा नाही. निम्मं दही बर्फात ठेवायचं आणि दुसऱ्या पंगतीच्या आधी घुसळायचं. गॅसच्या पत्राचं मी बघते आहे, परवा कार्यालयाच्या मालकांची सही घेऊन आले. सिलिंडरची संख्या पहिल्याच ओळीत लिहिली आहे.