तुम्ही विचारलंत म्हणून: शुद्ध धातूत काय शोधायचं?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलं, "युरेनियम आधीच शुद्ध केलेलं असतं ना? मग इतकी वर्षं त्यात काय शोधत होतात?" तोंड उघडं होतं म्हणून सुटले. आता लिहूनच टाकते.

मी अणुइंधनाच्या युरेनियममधली नकोशी भेसळ मोजत होते. मुख्य म्हणजे गॅडोलिनियम. सोबत सॅमेरियम, युरोपियम, डिस्प्रोशियम. दुर्मिळ मृदा कुळातली ही मंडळी रिॲक्टर चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळतात. नैसर्गिक गॅडोलिनियमची भूक सुमारे 49,000 बार्न (ही भूक मोजायचं एकक). इंधनावरच्या नळ्यांच्या झिर्कोनियमची 0.2 च्याही आत. म्हणून ही मोजणी एक पीपीएमच्याही, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्याही, खाली चालते. 0.05 पीपीएम म्हणजे मार्केट यार्डातल्या दहा-दहा टनांच्या दोन ट्रक कांद्यात एक ग्रॅम मीठ.

"मग नमुना रिॲक्टरमध्ये ठेवून किरणोत्सारी करून बघा की!" असं सांगणारेही भेटतात. अहो, युरेनियम फुटताना त्याच कुळातले लॅन्थॅनम, सिरियम, निओडिमियम स्वतःच तयार करतं. जे शोधायचं त्याचेच भाऊबंद पेरून बसायचं? म्हणून आधी युरेनियम बाजूला काढायचं. नायट्रिक ॲसिडमधल्या द्रावणात ट्रायब्युटाइल फॉस्फेट (युरेनियम ओढून घेणारं तेलकट द्रव) घालून फनेल हलवलं, की पिवळा रंग वरच्या थरात चढतो आणि आपली मंडळी खाली राहतात. तो पिवळा चढताना बघायला मला शेवटपर्यंत आवडायचं.

आता जे कट्ट्यावर सांगत नाही ते.

एका लॉटमध्ये मला गॅडोलिनियम सापडलं. मर्यादेच्या वर. आमचं यंत्र नमुना प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत, सोडून अणू वस्तुमानानुसार मोजायचं. मी 157 वस्तुमानावर मोजत होते, कारण गॅडोलिनियमच्या प्रकारांत न्यूट्रॉन सगळ्यात जास्त गिळणारा तोच. हाताखालचा कंत्राटी मुलगा म्हणाला, "मॅडम, 141 पण बघू का?" मी म्हटलं, "आपल्याकडे चारच मागितलेत. तू आधी भांडी नीट धू." ब्लँक (नमुन्याशिवाय केलेली चाचणी) स्वच्छ आला होता, म्हणजे त्याची भांडी स्वच्छच होती. तरीही म्हटलं.

लॉट अडकला. वर विचारणा झाली तेव्हा नमुना कोणी विरघळवला, हे मीच सांगितलं. त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

नंतर एका संध्याकाळी जुनी फाइल उघडली. गॅडोलिनियममध्ये 160 चा वाटा 157 च्या साधारण दीडपट असतो. माझ्या नमुन्यात 160 जवळजवळ सपाट, म्हणजे नसल्यासारखंच. मग 141 बघितलं. त्याच कुळातलं प्रासिओडिमियम, भरपूर. त्याला प्लाझ्मात एक ऑक्सिजन चिकटला की 141 आणि 16 मिळून 157, आणि यंत्राला ते गॅडोलिनियमच वाटतं. पहिलीतली बेरीज.

तेव्हाची मी अजून भांडते: पद्धतीत चारच लिहिले होते, घाई वरून होती, कंत्राट तसंही संपतच आलं होतं. यातलं एकही खोटं नाही. पण 141 बघायला दोन मिनिटं लागली असती, आणि त्याने विचारलं होतं.

प्रासिओडिमियम आलं कुठून, ते सापडलं नाही. शेजारच्या टेबलावर काच घासायची गुलाबीसर पावडर होती. सिरियम ऑक्साइडला तो रंग प्रासिओडिमियममुळेच येतो. पण ती नुसत्या नायट्रिकमध्ये सहज विरघळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी दुरुस्तीच्या अहवालात मी "बहुधा पॉलिश पावडर" असं लिहिलं. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.