घानात लाइट गेली होती म्हणून

परवा रात्री रत्नागिरीत मिरकरवाड्यात आमच्याकडे लाइट गेली ती थेट पहाटे आली, जून आहे, पाऊस वारा आहे, त्यात नवीन काही नाही. पण अंधारात बसलं की मला घानातल्या त्या कॉम्प्युटरची गोष्ट आठवतेच, आणि या वेळी ती काकाला अख्खी सांगितली. काका तांडेल, म्हणजे मच्छीमार होडी चालवणारा, पावसाळ्यात मासेमारीला बंदी आहे म्हणून सध्या घरीच.

२७ जून २०१७ ची गोष्ट. युक्रेनमध्ये टॅक्सच्या कामाला कंपन्या एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरायच्या, हॅकर्सनी त्याच्या अपडेटमधूनच व्हायरस सोडला. म्हणजे कुणी भलत्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं, उलट अपडेट करा म्हणतात तेच लोकांनी केलं होतं, मला हे सगळ्यात भयंकर वाटतं. नॉटपेट्या त्याचं नाव. स्क्रीनवर पैसे मागायचा, पण दिले तरी फाइली परत मिळायची सोयच ठेवलेली नव्हती. मर्स्क ही केवढी मोठी जहाज कंपनी, ती त्यात सापडली आणि इकडे आपल्या उरणला जेएनपीटीत त्यांच्या ग्रुपचं गेटवे टर्मिनल्स इंडिया आहे तेही ठप्प. हजारो कंटेनर, कुठला कुठे चढवायचा ते कॉम्प्युटरलाच ठाऊक, आणि कॉम्प्युटर काळे.

आता घाना. कंपनीत कोण कोण आहे, कुणाला कुठे शिरायची परवानगी आहे याची एक वही असते असं समजा, तिला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडे जगभर अशा दीडशेच्या आसपास होत्या, एक गेली तर दुसरीवरून उतरवायची, पण सगळ्या एकाच वेळी जातील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या सगळ्या. फक्त घानातली वाचली, कारण हल्ल्याच्या आधी तिथे लाइट गेलेली आणि ते मशीन नेटवर्कपासून तुटलेलं! तिथलं इंटरनेट एवढं स्लो की डेटा लंडनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते, तिथल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, शेवटी एकजण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथून दुसऱ्याने ती लंडनला नेली. मग १० दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५००० पीसी नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

काका गप्प ऐकत होता, मग म्हणाला, "आमच्या जीपीएसला पण असं काय करता येतं काय रे?"

येतं. त्याच महिन्यात, जून २०१७ मध्येच, काळ्या समुद्रात वीसेक जहाजांचं जीपीएस सांगत होतं की तुम्ही विमानतळावर आहात, किनाऱ्यापासून आत, जमिनीवर. सॅटेलाइट २० हजार किलोमीटर वर, सिग्नल खाली येईपर्यंत अगदी क्षीण होतो, आणि आपल्या होड्यांवरची मशीन ज्या सिग्नलवर चालतात त्यावर खरा की खोटा ओळखायला सही शिक्का काही नसतो, त्यामुळे जवळून जोरात खोटा सिग्नल सोडला की मशीन तोच खरा मानतं. २०१३ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लोकांनी भूमध्य समुद्रात मालकाच्या परवानगीने एक अख्खी यॉट अशी वाटेवरून हलवून दाखवलेली. २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीत शेकडो जहाजांचं जीपीएस गडबडलं, आणि तिथे आपलीच किती कोकणी पोरं बोटींवर असतात. रत्नागिरीची होडी कुणी मुद्दाम भरकटवेल असं मला वाटत नाही, भीती वेगळी आहे, नवीन पोरं स्क्रीनशिवाय बंदरात शिरू शकत नाहीत.

काका उठला, बॅटरी घेऊन आत गेला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही घेऊन आला. खडपांचे, म्हणजे समुद्रातल्या खडकांचे पॉइंट, आणि त्याच्या आधीच्या, आजोबांच्या खुणा, रत्नदुर्गाचं दीपगृह कुठल्या डोंगराच्या रेषेत आलं की वळायचं ते. ही वही तो सख्ख्या भावालाही दाखवत नाही. मी विचारलं, अशी अजून एक आहे का? नाही म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

बॅटरीच्या उजेडात दोन पानं माझ्याकडून उतरवून घेतली, तेवढ्यात लाइट आली. बाकीची आज बसून करू म्हणालाय.