सी बाटलीला माडीचा वास
नारळी पौर्णिमा शुक्रवारी आली, पुढे शनिवार-रविवार, म्हणजे कॉलेज 3 दिवस बंद. सोमवारी अकरावीचं प्रॅक्टिकल होतं म्हणून मी गुरुवारीच सोल्युशन्स करून ठेवली. ए ग्लुकोज, बी स्टार्च, सी सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर, डी नुसतं डिस्टिल्ड वॉटर. मालवणातला पाऊस, लाईट कधी जाईल नेम नाही, आयत्या वेळी धावपळ नको एवढंच डोक्यात होतं.

आयोडीन टाकलं की स्टार्च काळंनिळं होतं, ते झालं सगळ्यांचं. मग बेनेडिक्ट, म्हणजे साखर ओळखायचं तांब्याचं निळं द्रावण, 2 मिली ते नि 2 मिली बाटलीतलं सोल्युशन, आणि 5 मिनिटं उकळत्या पाण्याच्या बीकरमध्ये. ग्लुकोज हिरवं, पिवळं होत होत विटकरी होतं. सुक्रोज मात्र निळंच राहतं, कारण ग्लुकोज-फ्रुक्टोजची जी टोकं बेनेडिक्टमधल्या तांब्यावर काम करतात तीच सुक्रोजमध्ये एकमेकांत अडकलेली असतात.

एका मुलीने वहीत लिहिलं, सी विटकरी. मी म्हटलं, टेस्ट ट्यूब बदलल्यास तू, लक्ष कुठे असतं तुझं? जरा जोरातच बोलले, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "मॅडम, परत करून बघू?" परत विटकरी. मग मी स्वतः ब्रश मारून ट्यूब धुऊन दिली, तरी तेच, तळाशी विटेच्या भुकटीसारखा गाळ. तेव्हा कुठे मी बाकीच्यांचे स्टँड नीट बघितले आणि काळजात धस्सच झालं. सगळ्यांच्या सी मध्ये तोच रंग, आणि सगळ्यांच्या वहीत 'निळा, रिड्युसिंग शुगर नाही', म्हणजे बेनेडिक्टला विटकरी करणारी साखर नाही. पुस्तकात तसंच छापलंय ना.

बाटलीचं बूच काढलं तर फुस्स झालं. ती मुलगी बाजूलाच उभी होती, मैत्रिणीला हळूच म्हणाली, "गो, ह्येका माडीचो वास येता." खरंच येत होता. तिच्या शेजारी माडी उतरवतात, सकाळची गोड असते ती दुपारपर्यंत आंबट होते हे तिला लहानपणापासून माहीत. माडाच्या रसातही मुख्य साखर सुक्रोजच, तिथून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लॅबमधल्या मामांना विचारलं, ही बाटली कसली हो? तर आदल्या आठवड्यात बारावीच्या फर्मेंटेशनसाठी यीस्ट ठेवलं होतं तीच, आणि गुरुवारी घाईघाईत नुसती पाण्याने विसळून घेतली होती मीच.

एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. लंबगोल पेशी, काहींच्या अंगाला बारीक कळी फुटलेली. यीस्ट आपल्या इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमने सुक्रोज तोडून ग्लुकोज नि फ्रुक्टोज मोकळं करतं, मग बेनेडिक्ट लाल होणारच. खात्रीसाठी नवीन बाटलीत ताजं सुक्रोज केलं, ते निळंच राहिलं. त्यातलंच थोडं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकून उकळलं, खायचा सोडा बुडबुडे थांबेपर्यंत घातला, मग बेनेडिक्ट, आणि आलं विटकरी. सगळा वर्ग बीकरभोवती गोळा झाला होता, बाहेर धो धो पाऊस, बेल झालेली कुणाला कळलीसुद्धा नाही.

बाकीच्या वह्यांवर त्या दिवशी सही केली नाही, मंगळवारी परत करायला लावलं सगळ्यांना. आणि तिची मी वर्गासमोरच माफी मागितली. तिने मान हलवली नि विचारलं, "मॅडम, मग आता वहीत काय लिहू?" म्हटलं, लिहिलंयस तेच राहू दे, खाली फक्त बाटलीचं लिही.