मोहाखालची न जळलेली जागा

मार्चचा शेवटचा आठवडा आमच्या बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या ताब्यातल्या जंगलाच्या तुकड्यावर, सर्वांत अवघड असतो. पानगळ संपत आलेली असते, सागाचा वाळलेला पाचोळा घोट्यापर्यंत साचलेला असतो आणि नेमका त्याच सुमारास मोह फुलतो. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील ज्या जंगलात मी वनरक्षक म्हणून काम करतो, तिथे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधीच साफ केलेल्या असतात, अग्निरक्षक मजूर नेमलेले असतात. तरीही मोहफुले पडू लागली की आम्ही सारे जरा धास्तावूनच असतो. मोहफुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात व ती आग पुढे पसरते. हे खरे आहे आणि मी ते अनेकदा पाहिले आहे. पण हे खरे असल्यामुळेच प्रत्येक वणव्याचा दोष मोह वेचणाऱ्यांच्या माथी मारण्याची सवयही आमच्या खात्यात रुजली आहे.

त्या दिवशी भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून मिळणारा आगीचा इशारा मोबाईलवर आला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. इशाऱ्यातला बिंदू नकाशावर टाकला, तर तो मोहाच्या एका जुन्या राईवर बरोबर बसला. ‘मोहवाल्यांचेच काम,’ असे माझ्यासोबतचे वरिष्ठ जागा पाहण्याआधीच म्हणाले. आम्ही दोन ब्लोअर आणि मजूर घेऊन निघालो. ब्लोअरने पाचोळा उडवून आगीपुढे मातीचा मोकळा पट्टा काढायचा आणि आग त्या पट्ट्यापाशी येऊन विझेल असे पाहायचे, ही कामाची साधी रीत आहे. वारा पश्चिमेचा होता, म्हणून आम्ही पूर्वेकडून नाल्याचा आधार घेतला. अंधार पडेपर्यंत आग आटोक्यात आली. जळत राहिलेले वठलेले ओंडके मातीने झाकण्यात मात्र बरीच रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंचनाम्यासाठी परत गेलो, तेव्हा ती राई पाहून मी थांबलोच. चारी बाजूंचे जंगल काळे पडले होते आणि मोहाच्या प्रत्येक झाडाखाली मात्र न जळलेल्या जमिनीचे मोठे वर्तुळ शिल्लक होते. बायकांनी आठवडाभर आधीच पाचोळा झाडून फांद्यांच्या पसाऱ्याबाहेर लोटला होता. आग त्या ढिगांपर्यंत आली, ढीग जळाले आणि आत जळण्यासारखे काही नसल्याने ती बाजूने निघून गेली. आतल्या जमिनीवर रात्रीची फुले पडलेली होती, फिकट पिवळी, रसरशीत, राखेचा कणही न लागलेली. दोन झाडांमध्ये, झाडलेल्या जागेच्या कडेला, उघड्या जमिनीवर रातवा पक्ष्याची दोन अंडी होती. रातवा घरटे बांधतच नाही. मातकट रंगावरचे ठिपके हेच त्या अंड्यांचे संरक्षण, आणि ते वणव्यापुढे कुचकामी ठरते. दहा हात पलीकडे ती असती तर उरली नसती.

फुले वेचायला आलेली एक म्हातारी माय आम्हांला पाहून टोपली खाली ठेवून उभी राहिली. वरिष्ठांनी तिला दरडावूनच विचारले. ती शांतपणे म्हणाली, ‘आमी कायले जाळू जी? फुलं आमालेच वेचाची आहेत.’

उपग्रहाच्या बिंदूचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरली जाते. ज्या संवेदकावरून हे इशारे येतात, त्याचा एक चौकोन सुमारे ३७५ मीटर बाजूचा असतो आणि नकाशावरचा बिंदू त्या चौकोनाचा मध्य दाखवतो. शिवाय तो उपग्रह आपल्यावरून दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातो, म्हणजे त्या घडीला आग कुठे आहे एवढेच त्यातून कळते. ती कुठे लागली ते कळत नाही. ते जमिनीवरूनच वाचावे लागते. वाऱ्याबरोबर धावणारी आग झाडाच्या आडोशाच्या बाजूला अधिक उंच चढते, त्यामुळे खोडावरचा काळा डाग त्या बाजूला वरपर्यंत जातो. इथे ऐन, धावडा, बिजा, सगळ्यांच्या पूर्वेकडच्या अंगाला डाग उंच होते. आम्ही उलट, पश्चिमेकडे चालत गेलो आणि बैलगाडीच्या जुन्या वाटेपाशी पोहोचलो. तिथे तेंदूची झुडपे होती. वाटेच्या कडेने थोड्या-थोड्या अंतरावर वेगवेगळे जळके चट्टे होते आणि मधले गवत शाबूत होते. एका ठिणगीने लागलेली आग अशी ठिकठिकाणी सुरू होत नाही. कोणीतरी चालत-चालत पेटवत गेले होते.

तेंदूची झुडपे जळाली की मुळांपासून नवे धुमारे फुटतात आणि विडीसाठी लागणारी कोवळी, एकसारखी पाने मिळतात. हेच काम बेटकटाईने, म्हणजे झुडपे जमिनीलगत छाटूनही होते, पण त्याला मजुरी मोजावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, त्यामागे फांद्यांची तोड आणि या आगी हीच कारणे होती. प्रत्येक गावाला उत्पन्नाचा तो मार्ग सोडणे परवडेल असे मी म्हणणार नाही.

अशा जमिनीवरच्या आगीत मोठी झाडे बहुधा वाचतात, म्हणून नुकसान कागदावर किरकोळ दिसते. मरतात ती रोपे. आमच्या बीटमध्ये जुने मोह पुष्कळ आहेत, पण मनगटाएवढ्या जाडीचा मोह शोधावा लागतो: फुले आणि बिया वेचून नेल्या जातात आणि जे थोडे उगवते ते दरवर्षी होरपळते. साग पुन्हा-पुन्हा बुंध्यातून फुटतो, इतरांना ते तितके जमत नाही, आणि मिश्र जंगल हळूहळू सागाकडे झुकते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडला, आरोपी अज्ञात. वरिष्ठांना त्या मायचे नाव हवे होते. मी पंचनाम्यात झाडलेली वर्तुळे, डागांची दिशा आणि वाटेवरचे चट्टे मोजमापासह व छायाचित्रांसह नोंदवले, त्यामुळे ते नाव घालायला जागा उरली नाही. थोडी कुरबुर झाली, पण सही झाली. पेटवणाऱ्याला कोणी पाठवले ते सिद्ध करण्याइतका पुरावा मात्र मिळाला नाही.

पंचनाम्याची प्रत आमच्या भागातल्या ग्रामसभेने मागून घेतली. तिथे तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करते. पुढच्या हंगामाच्या करारनाम्यात त्यांनी अट घातली, की फड, म्हणजे पाने गोळा करण्याचे केंद्र, सुरू होण्यापूर्वी तेंदूच्या क्षेत्रात आग दिसली तर ठेकेदाराच्या अनामत रकमेतून कपात होईल. ठेकेदाराने घासाघीस केली आणि शेवटी बेटकटाईच्या मजुरीतला काही वाटा ग्रामसभेने उचलावा या बोलीवर सही केली.